सज्जनांच्या कमरेचं पिस्तूल

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये निर्घृण हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातले १,२०० हून अधिक शस्त्रपरवाने चर्चेत आले. पिस्तूल मिरवतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, परवान्यांची छाननी झाली, काही रद्दही झाले. तेव्हापासून गावाकडच्या मंडळींकडून एकच ऐकतोय, ‘गुंडांकडे आहेतच, मग सज्जनांनाही द्या. तुमच्या अमेरिकेत उघड बाळगतात, म्हणून वचक असतो.’

मी टेक्सासमध्ये राहतो. मला तो वचक दिसलेला नाही.

इथे २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल उघड लावता येतं. १ सप्टेंबर २०२१ पासून, वय २१ पूर्ण असेल आणि कायद्याची मनाई नसेल, तर परवानाही लागत नाही. पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, असलं की झालं. दुकानदाराला नको असेल तर त्यानेच दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंच अक्षरांत पाटी लावायची. भारतातून आईवडील आले की आम्ही त्यांना आधीच सांगून ठेवतो, बिलाच्या रांगेत कुणाच्या कमरेला दिसलं तर टक लावून बघू नका, हात कुठे आहे तेवढं बघा. आई मग रांगेतल्या प्रत्येकाचा पट्टा न्याहाळत उभी राहते.

आणि पोलीस? ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी कोलोरॅडो राज्यातल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरात रायफल घेतलेला माणूस पाहून एका बाईने ९११ ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला. राज्यात उघड शस्त्र बाळगायला मुभा आहे, असं तिला सांगण्यात आलं. थोड्याच वेळात त्याने तिघांचा जीव घेतला. फोन घेणाऱ्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण पहिली गोळी सुटेपर्यंत त्याच्या हातात रायफल दिसणं कायद्याच्या चौकटीतच होतं. नुसतं शस्त्र दिसलं म्हणून अडवता येणार नाही, असं अमेरिकेतल्या काही न्यायालयांनीही म्हटलंय.

सज्जनाचं काय होतं, तेही टेक्सासमधल्याच डॅलसमध्ये दिसलं. ७ जुलै २०१६ च्या मोर्चात काहीजण कायदेशीरपणे रायफली घेऊन चालत होते. एका हल्लेखोराने पाच पोलिसांना ठार मारलं. त्या गोंधळात पोलिसांनी रायफलवाल्या एका मोर्चेकऱ्याचा फोटो संशयित म्हणून प्रसिद्ध केला. तो निर्दोष होता, स्वतःची रायफलही त्याने पोलिसांच्या हवाली केली होती. त्या रात्री तो फोटो पाहून कुणी त्याच्यावर गोळी झाडली असती तर?

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवाना देणारा आणि काढून घेणारा अधिकारी आहे. ही मोठी सोय आहे, ती घालवू नका. नवे परवाने मागण्याऐवजी जुन्यांचा हिशेब मागा. प्रत्येकाच्या जिवाला नेमका कोणता धोका दाखवला होता, शिफारस कुणाची होती, पोलिसांचा अहवाल काय होता? आणि लग्नात, मिरवणुकीत पिस्तूल दाखवणाऱ्याचा परवाना रद्द व्हायला कुणाचा खून व्हायची वाट का बघावी लागते?