कलावंतांवरचे सिनेमे आणि तानपुऱ्यावरची बोटं

गवयावरचा सिनेमा लागला की सगळ्यात आधी बघायचं ते मागे तानपुरा घेऊन बसलेल्या माणसाच्या बोटांकडे. दहापैकी आठ वेळा तिथेच कळतं की दिग्दर्शकाने गाण्याच्या खोलीत दोन दिवस तरी घालवलेत का. आपल्याकडच्या बहुतेक पडद्यावर तानपुरा तबल्याच्या ठेक्यात वाजतो. एकाच बोटाने, गिटारसारखा, समेला जरा जोरात. प्रत्यक्षात पहिली तार मधल्या बोटाने आणि पुढच्या तीन, म्हणजे दोन जोडाच्या (सारख्या स्वराच्या) आणि एक खर्जाची (खालच्या सा ची), तर्जनीने छेडतात. बोटाच्या कडेचं मांस तारेवरून नुसतं सरकतं, तार ओढली जात नाही. आणि मुख्य म्हणजे या छेडण्याचा तबल्याच्या लयीशी काहीही संबंध नसतो. तो ठेक्यात वाजू लागला तर गवयाच्या कानात दुसरी एक लय घुसते आणि विलंबित ख्याल मांडणं मुश्कील होतं. पडद्यावर ही चूक होते कारण आवाज स्टुडिओत आधीच तयार झालेला असतो आणि नटाला वाद्य फक्त शोभेला दिलेलं असतं.

ही बारीक खोड वाटेल, पण माझा सगळा आग्रह याच एका गोष्टीचा आहे. कलावंताच्या संघर्षावरचा सिनेमा कलावंताचं काम दाखवतो की फक्त त्याचं दुःख? आपल्याकडे दुःख भरपूर दाखवलं गेलंय. दारूची बाटली, रिकामं घर, शेवटी टाळ्यांचा कडकडाट आणि ओले डोळे. पण ज्या कामापायी त्याने एवढं सोसलं ते काम दिसत नाही, म्हणून ते सोसणंही उसनं वाटतं.

नुसतं तानपुरा लावणं घ्या. आधी जोडाच्या तारा षड्जावर, म्हणजे सा वर, आणायच्या, मग खर्ज, मग पहिली तार. ती साधारणपणे पंचमावर असते. पण मालकंस राग गायचा असेल तर त्यात पंचम वर्ज्य, म्हणून ती मध्यमावर उतरवावी लागते. खुंटीने तार जवळपास आणायची आणि शेवटचा केसभर फरक घोडीखालच्या (घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) मण्याने काढायचा. मग जवारी, म्हणजे तारेची गुंज. घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा असतो, तो किंचित पुढेमागे सरकवला की एका जागी आवाज एकदम खुलतो, गुंजायला लागतो. ती जागा जेमतेम केसाएवढी. त्यात खुंटी सैल असेल तर घसरते, म्हणून तिला खडू लावतात. ग्रीनरूममध्ये लावलेला तानपुरा एसी चालू असलेल्या सभागृहात नेला की दहा मिनिटांत उतरतो आणि सगळं पुन्हा, लोकांसमोर. हे काम बहुतेक वेळा शिष्याचं असतं. गुरुजी आत चहा घेत असतात, आणि बाहेर त्या पोराची परीक्षा सुरू झालेली असते. तिचा निकाल गुरुजींच्या कपाळावरच्या आठीवरून कळतो. दोन मिनिटांचा प्रसंग आहे हा. संवादसुद्धा लागत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ मला म्हणूनच इतका मोलाचा वाटतो. २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला, पण आपल्या लोकांनी तो ‘संथ आहे’ म्हणून सोडून दिला, याचं मनापासून वाईट वाटतं. त्यात नायक शरद पहिल्याप्रथम दिसतो तो गुरूच्या मागे, तानपुरा घेऊन. शरद झालेले आदित्य मोडक स्वतः गातात, गुरुजी झालेले अरुण द्रविड हे जयपूर घराण्याचे जाणते गायक. त्यामुळे ‘गळा इथे चुकला’ हे पडद्यावर खरंखुरं ऐकू येतं. गुरू मैफलीतल्या गाण्यावर बोट ठेवतात तेव्हा ते बोट कुठे ठेवलंय ते आपल्यालाही समजतं.

आणि त्यातली नोकरी बघा. शरद जुनी ध्वनिमुद्रणं सीडीवर आणून विकण्याच्या कामात आहे. रात्री मोकळ्या रस्त्यावरून मोटरसायकल चालवताना तो गुरूंच्या गुरू माईंची व्याख्यानं ऐकतो. त्या न दिसणाऱ्या माईंना आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. साधना, त्याग, भूक असल्या शब्दांनी भारलेलं ते बोलणं कानात, आणि सकाळी पुन्हा गिऱ्हाइकापुढे सीडी. शिकणाऱ्या माणसाचं आयुष्य असंच दोन तुकड्यांत चालतं. शेवटी तो मोठा गवई होत नाही. हे दाखवायला फार धैर्य लागतं, कारण ज्यांचं जमलं नाही त्यांच्यावर सिनेमा काढायला कुणी पैसे घालत नाही. आणि गाणं शिकणाऱ्या शंभरातल्या नव्वदांवर तर तीच वेळ येते.

याच्या अगदी उलट आपल्या सिनेमांतलं ते ठरलेलं ‘रियाजाचं गाणं’. लहान मुलाचे हात, मग त्याच फ्रेममध्ये मोठ्याचे हात, खिडकीबाहेर पाऊस, ऊन, पुन्हा पाऊस. चार मिनिटांत बारा वर्षं उरकतात. यात नेमकं काय हरवतं? चूक हरवते. रियाजात माणूस पहाटे खर्जावर बसतो, मग पलटे, मग तान, आणि तान त्याच एका जागी रोज अडखळते. बहुतेकदा कारण हेच, की स्वर स्वच्छ व्हायच्या आत लय वाढवलेली असते. मग गळा आवळतो, श्वास मधेच संपतो. उपाय एकच: लय निम्म्यावर आणायची, तोच तुकडा पुन्हा घ्यायचा, आणि हे महिनोन्महिने. एखाद्या दिग्दर्शकाने एकच तान तीन वेळा, तीन वेगवेगळ्या वर्षांत, त्याच जागी अडखळताना दाखवली तरी बारा वर्षं अंगावर येतील. पाऊस-उन्हाची गरज नाही.

काम दाखवण्यात परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ मला सगळ्यांत वरचा वाटतो. दादासाहेब फाळक्यांनी भांडवल उभं करायला वाटाण्याचं रोपटं कसं वाढतं याची फिल्म काढून दाखवली, हे पुस्तकात एका ओळीत संपतं. पण ती काढायची म्हणजे कॅमेरा जागचा हलू न देता रोज थोडी थोडी फिल्म चालवत राहायचं. तसंच भोकांचं. तेव्हा कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. कॅमेऱ्याच्या दात्यांनी ती ओढायची तर कडांना समान अंतरावर भोकं हवीत, आणि फिल्मवर उजेड पडता कामा नये म्हणून हे काम अंधारात. एका फुटात १६ चौकटी, दर चौकटीला एका कडेला ४ भोकं, म्हणजे फुटाला ६४. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा होता. हिशोब केला तर एकाच कडेची २,३६,८०० भोकं होतात. यंत्र असलं तरी फिल्म सरळ धरून पुढे सरकवायला माणूस लागतोच. अंतर जरा चुकलं की पडद्यावर चित्र उड्या मारणार. सरस्वतीबाई फाळके हे काम करायच्या, घरादाराचा आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून.

कलावंताची बायको आपल्या सिनेमात एकतर आडवी येणारी असते, नाहीतर देव्हाऱ्यापुढे अश्रू ढाळणारी. विभावरी देशपांडेंनी केलेल्या सरस्वतीबाई या धंद्यातल्या भागीदार आहेत. तसंच इतिहासात होतं, आणि सिनेमाने ते लपवलं नाही.

‘नटरंग’ त्याच सुमाराला, २०१० च्या जानेवारीत आला. अतुल कुलकर्णींनी पैलवानाचं शरीर उतरवून नाच्या उभा केला याबद्दल भरपूर बोललं गेलंय, आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्याची सुरुवात जास्त आवडते: विहिरीवर पंप बसतो आणि नायक गुणाचं काम जातं. तमाशाचा फड काढायचं वेड होतंच, पण पोटावर आलं तेव्हा पाऊल उचललं गेलं. एवढं एक कारण दाखवलं की सबंध गोष्टीला जमीन मिळते.

पुढची जमीन मात्र तोही सोडतो. फडाचं अर्थकारण उचलीवर चालतं. दसऱ्याच्या सुमाराला फड बाहेर पडतो, चैत्र-वैशाखाच्या जत्रा संपल्या की हंगाम आटोपतो आणि पावसाळ्यात हाताला काम नसतं. त्या दिवसांत घर चालवायला कलावंत मालकाकडून उचल घेतो, ती पुढच्या हंगामाच्या पगारातून वळती होते. मालक तीच रक्कम व्याजाने आणतो. ऐन जत्रेत अवकाळी पाऊस आला, दोन सुपाऱ्या (ठरलेले खेळ) गेल्या, की ढोलकीवाल्यापासून ट्रकच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचा हिशोब पुढच्या वर्षावर जातो. लग्न, आजारपण, काही निघालं की उचल वाढते आणि माणूस फड सोडू शकत नाही. नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी ठरवायला येतात, तिथे बसून तासभर घासाघीस ऐकली तर सबंध पटकथा मिळेल. आपण मात्र पंचवीस वर्षं चाळ बांधलेल्या पायांवरच कॅमेरा लावून बसलोय.

‘बालगंधर्व’बद्दल थोडक्यात. आनंद भाटे यांचा आवाज आणि विक्रम गायकवाड यांची रंगभूषा, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि दोन्ही खरोखर त्या तोलाचं काम आहे. पण कर्ज झालं ते फक्त शालू आणि अत्तरापायी, असं मनावर ठसतं. नाटक कंपनी म्हणजे फिरतं बिऱ्हाड होतं: नट, साथीदार, आचारी, पडदे, पेट्या, रेल्वेचं भाडं. ज्या दिवशी खेळ नाही त्या दिवशीही पंगत बसणारच. त्या खर्चाच्या वहीचं एक पान पडद्यावर यायला हवं होतं.

आता एक सिनेमा हवा आहे, तो मिरजेवर. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मंचावर न बसणाऱ्या त्या कलावंतांवर कुणी नीट कॅमेरा धरलेला नाही. वाळवलेल्या भोपळ्यातून आवाजाचा अंदाज घेणारी माणसं आहेत ती. जवारी काढताना कारागीर घोडीच्या पृष्ठभागावर कानस फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा दोन हात कानस. एक हात जास्त पडला तर तार बसकी बोलते आणि सगळा उतार पहिल्यापासून काढावा लागतो. कॅमेरा त्याच्या कानाजवळ ठेवा. पार्श्वसंगीत नको. कानशीचा आवाज, तारेचा आवाज, थांबणं, आणि मग पुन्हा कानस.