पंप बंद करा म्हणणाऱ्या संदेशातले अर्धसत्य

इंदूरच्या मराठी घरांत सध्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: दम्याचे मूळ इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींत असते, या पेशी सतत ‘ऑक्सिजनचे विष’ ओकत असतात, आवळा, हळद आणि व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेने हे विष २१ दिवसांत धुऊन निघते, म्हणून सवय लावणारा पंप (औषध श्वासातून ओढायचा इनहेलर) बंद करावा आणि इओसिनोफिल शून्यावर आणावेत. रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशीने हे वाचून स्टेरॉइडचा पंप कपाटात ठेवून दिला आणि आठवड्याभरात जिना चढताना तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. त्यामुळे या संदेशाला उत्तर देणे मला भाग आहे.

यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. इओसिनोफिल सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप) तयार करतात आणि त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. त्याचा व शरीरातल्या ब्रोमाइडचा वापर करून या पेशींतले पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हायपोब्रोमस आम्ल तयार करते, आणि श्वासनलिकेच्या अस्तराला त्याने इजा होते. दम्याच्या रुग्णांच्या उच्छ्वासातही हायड्रोजन पेरॉक्साइड वाढलेले आढळते.

परंतु ‘सतत ओकतात’ हे साफ चूक आहे, आणि पुढचा सगळा घोळ याच चुकीतून झाला आहे. सुपरऑक्साइड बनवणारे विकर, म्हणजे एनएडीपीएच ऑक्सिडेज, शांत पेशीत जोडलेल्या अवस्थेत नसतेच. त्याचे दोन भाग पेशीच्या पटलांत बसलेले असतात, तर पी४७, पी६७ आणि पी४० हे भाग व रॅक नावाचे छोटे प्रथिन पेशीद्रवात वेगळे असतात. ॲलर्जीच्या जागी इंटरल्युकिन-५ आणि जीएम-सीएसएफ हे संदेशरेणू पेशीला आधी सज्ज करतात. त्यानंतर प्लेटलेट ॲक्टिव्हेटिंग फॅक्टर किंवा सी५ए यांच्यासारखा रेणू तिच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटला, की आत पीआय३ कायनेज, प्रोटीन कायनेज सी आणि मॅप कायनेज ही विकरे कामाला लागतात, पी४७वर फॉस्फेट चढते, ते आपले बाकीचे भाग घेऊन पटलाकडे जाते, आणि जोडणी पुरी झाल्यावरच ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळून सुपरऑक्साइड बनू लागते. न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारची पांढरी पेशी) हे सुपरऑक्साइड बहुतांशी गिळलेल्या जंतूभोवतीच्या पिशवीत सोडतो. इओसिनोफिल मात्र ते मुख्यतः पेशीबाहेर सोडतो, आणि म्हणूनच शेजारच्या ऊतींना झळ बसते. चूल पेटती ठेवून घरातला धूर पुसत बसण्याचा जो उपयोग, तोच मुळातला इशारा चालू ठेवून आवळा, हळद, व्हिटॅमिन सी असे अँटिऑक्सिडंट (हे ‘विष’ निष्प्रभ करणारे पदार्थ) गिळण्याचा.

शिवाय सुपरऑक्साइड हे इओसिनोफिलचे एकमेव हत्यार नाही. त्यांच्या कणिकांतले मेजर बेसिक प्रोटीन अस्तराला इजा करते आणि त्यांनी बनवलेले ल्युकोट्राइन हे रेणू श्वासनलिका आवळतात. व्हिटॅमिन सीचे म्हणाल, तर रक्तातले त्याचे प्रमाण एका मर्यादेपुढे वाढत नाही, जादाचे लघवीवाटे निघून जाते, आणि मोठ्या मात्रेने मूतखड्याचा धोका वाढतो. आवळा आणि हळद स्वयंपाकात जरूर असावीत. त्यांना पंपाची जागा देणे मला मान्य नाही.

संदेशातला सर्वांत घातक भाग पंप बंद करण्याचा आहे. पंपातले स्टेरॉइड श्वासनलिकेतल्या पेशींत शिरून इंटरल्युकिन-५सारखे संदेशरेणू बनवणारी जनुके दाबते आणि इओसिनोफिलचे आयुष्य कमी करते. म्हणजे संदेशलेखकाला जी गोष्ट थांबवायची आहे, तिचा उगमच ते रोखते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातील ३०,००० हून अधिक रुग्णांवरचा अभ्यास २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात वापरलेल्या स्टेरॉइड पंपाच्या प्रत्येक वाढीव डब्यामागे दम्याने होणाऱ्या मृत्यूंचा दर २१ टक्क्यांनी कमी आढळला, आणि पंप सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत हा दर पंप चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त होता. ज्यांना हा सल्ला दहा जणांना पुढे पाठवावासा वाटतो, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

राहिला सवयीचा प्रश्न. पंपाचे व्यसन लागत नाही; दमा दीर्घकाळ राहतो म्हणून औषधही दीर्घकाळ लागते. आवाज बसणे किंवा तोंडात पांढरा बुरशीचा थर येणे हे त्रास खरे आहेत, पण पंपाला स्पेसर (औषध ओढण्याआधी धरून ठेवणारी पोकळ नळी) जोडल्याने आणि ओढल्यावर पाण्याने चूळ भरून टाकल्याने ते बरेच टळतात. मात्रा कमी करायची असेल, तर ती तपासणी करून डॉक्टरांनी पायरीपायरीने करायची असते.

इओसिनोफिल शून्यावर आणण्याचे खूळही सोडावे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ५०० पर्यंत ते असणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे जंत आणि हत्तीरोगाच्या कृमींमुळेही हा आकडा चढतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये तो ठळक छापून आला, तर कारण शोधावे लागते, आणि कृमी असतील तर औषध कृमींवरचे द्यावे लागते. इओसिनोफिल वाढलेल्या तीव्र दम्यासाठी इंटरल्युकिन-५ला अडवणारे मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१५ साली मंजूर झाले. तेही नेहमीच्या पंपाच्या जोडीने द्यायचे औषध म्हणूनच.