आँजेलिकने लावलेलं दार आणि ‘जुना वाचक’ यांची प्रतिक्रिया

पोर्ट-रॉयालच्या मठावर मी लिहिलेल्या लेखाखाली ‘जुना वाचक’ अशा नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आलीय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझा लेख २५ सप्टेंबर १६०९ या एकाच दिवसावर होता. पॅरिसजवळच्या एका खोऱ्यातल्या या मठाची प्रमुख होती आँजेलिक आर्नो, वय नुकतंच अठरा पूर्ण, आणि त्या दिवशी भेटायला आलेल्या स्वतःच्या आईवडिलांना तिने आत घेतलं नाही, दारातल्या छोट्या खिडकीतूनच बोलली. त्याला मी धैर्य म्हटलं होतं. ‘जुना वाचक’ यांचं म्हणणं असं की ट्रेंटच्या धर्मसभेचे (सोळाव्या शतकातली कॅथलिक चर्चची मोठी सभा, तिने मठांची दारं बाहेरच्यांना बंद ठेवायला सांगितलं होतं) नियम तेव्हा फ्रान्सने स्वीकारलेच नव्हते, मठात शिरायला हुंडा लागायचा ते मी सांगितलं नाही, राबणाऱ्या सिस्टर्सबद्दल एक ओळ नाही, तिथे शिकणाऱ्या मुलींवरचे नियम मी गाळले, आणि गोव्यातला सांता मोनिका मठ सोडून आम्हाला फ्रान्स कशाला हवं. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं देते: “सात वर्षांच्या पोरीला घरच्यांनी मठात टाकली, ती मोठी होऊन बाकीच्या पोरींची जेलर झाली, आणि तुम्हाला त्यात धैर्य दिसतं कारण तुमच्या आत्यालाही असंच घडवलं असणार.”

आधी जे मान्य करायचं ते करून टाकते. ट्रेंटचं तुमचं बरोबर आहे. फ्रान्सच्या धर्मगुरूंच्या सभेने ते नियम १६१५ मध्ये स्वीकारले, म्हणजे त्या दिवसानंतर सहा वर्षांनी, आणि मी ‘फ्रान्समध्ये लागू असलेला नियम’ असं लिहून गेले होते. चूक होती, लेखात दुरुस्त केलीय. पण तेवढ्याने गोष्ट बदलत नाही, कारण बंद दाराआड राहायचं हा त्या मठाचा स्वतःचा जुना नियम होता, जो सगळेच विसरले होते, आणि ट्रेंटचं नाव आतल्या पोरींना माहीत होतं. आँजेलिकची धाकटी बहीण आन्येस तेव्हा मठातच होती, भावाने तिला ‘तूसुद्धा हिच्याच बाजूची का’ असं विचारलं तर तिने त्याला धर्मसभेचाच दाखला दिला होता.

आता त्या वाक्याकडे येते. माझ्या लेखावर टीका करा, मी कधीच कुणाची प्रतिक्रिया काढली नाही. पण मी लेखाच्या शेवटी दोन ओळीत सिस्टर झालेल्या माझ्या ज्या आत्याचा उल्लेख केला तिला तुम्ही ओळखत नाही, तिचं नाव तुम्हाला माहीत नाही, आणि तरी तिला कुणी ‘घडवलं’ हे तुम्ही एका ओळीत सांगून मोकळे झालात. हे मला लागलं. लेखातली चूक दाखवायला एवढं खाली उतरायची गरज नव्हती, आणि नाव लपवून तर नव्हतीच नव्हती.

‘जेलर’ हा शब्द तुम्ही वापरलाय, तर नीट बोलूया. तिला घरच्यांनी मठात टाकली हे मी लपवलं असं तुम्ही सुचवताय, ते लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. जन्म १५९१ चा, सातव्या-आठव्या वर्षी ‘पुढची मठाध्यक्षा’ म्हणून नेमणूक, नवव्या वर्षी व्रतं, आणि अकरा पूर्ण व्हायच्या आत १६०२ मध्ये गादीवर. रोमकडून मंजुरी मिळावी म्हणून कागदोपत्री तिचं वय सतरा दाखवलं. आजोबा आणि वडील दोघेही बडे वकील, राजाकडे वजन, मुलींच्या लग्नाचा खर्च वाचवायचा होता. आणि ट्रेंटने काय म्हटलं होतं? सोळा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय व्रतं द्यायची नाहीत, मुलीला जबरदस्तीने मठात घालणाऱ्याला बहिष्कृत समजावं, मठाध्यक्षा चाळिशीच्या आतली नसावी. म्हणजे ज्या नियमांना तुम्ही जेलचे नियम म्हणताय ते पाळले असते तर ही पोर तिथे गेलीच नसती. शिस्त नव्हती म्हणून ती त्या मठात गेली, हे तुमच्या लक्षात आलं का?

पंधरा-सोळा वर्षांची असताना तिला पळून जायचं होतं. तिच्या प्रोटेस्टंट आत्यांकडे ला रोशेलला जायचं, व्रतं टाकून द्यायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं, त्यात आजारी पडली, घरी आणली, आणि वडिलांनी एक कागद पुढे करून सही घेतली. रागाने फुटायची वेळ आली होती असं तिने नंतर स्वतः लिहिलंय. हा तिचा खरा तुरुंग, आणि तो बांधला कुणी? दार उघडं होतं तेव्हा. वडील हवे तेव्हा यायचे, मठात मुक्काम करायचे, कारभार बघायचे, मुलगी नावाला प्रमुख. मग १६०८ मध्ये कापुचिन संघाच्या एका फिरत्या साधूचं प्रवचन तिने ऐकलं आणि दीड वर्षाने तेच दार तिने बंद केलं. आता तुम्हीच सांगा, आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतः काय ठरवलं असेल तर ते हेच ना?

त्या दिवसाचं परत सांगते कारण तुम्ही ते वाचलं नसावं असं मला वाटतंय. किल्ल्या तिने आधीच स्वतःकडे घेतल्या होत्या. घोडागाडीचा आवाज आला, बापाने दार ठोठावायला सुरुवात केली, ती एकटी खिडकीपाशी गेली आणि शेजारच्या भेटीच्या खोलीत या, जाळीतून बोलू, एवढंच म्हणत राहिली. बाप ओरडतोय, आई कृतघ्न म्हणतेय, भाऊ नाही नाही ते बोलतोय. शेवटी बाप म्हणाला माझ्या बाकीच्या मुली तरी बाहेर दे, तर तिने त्यांना चर्चकडच्या छोट्या दाराने काढलं, मुख्य दार उघडलं तर तो आत घुसेल म्हणून. आणि ती पडली कधी माहितीय? आरडाओरडा चालू असताना नाही पडली. सगळं झाल्यावर जाळीपलीकडे बाप पांढराफटक पडलेला, आवाज एकदम खाली आला, आणि तो म्हणाला तब्येत सांभाळ, अंगाला झेपेल एवढंच कर. तेव्हा ती कोसळली. बाप जाळीतून हाका मारतोय, कुणीतरी या म्हणून, आणि आतल्या सिस्टर्स येत नाहीत कारण त्यांना वाटतंय हा अजून भांडतोय. जेलर असं कोसळतो का हो?

आणि ‘बाकीच्या पोरींची जेलर’. त्याच वर्षी मार्चमध्ये, संत बेनेडिक्टच्या सणाला, मठातल्या सगळ्यांनी आपापल्या वस्तू एकत्र केल्या, पेट्या आणून पुढे ठेवल्या. एका म्हाताऱ्या सिस्टरने सगळं दिलं पण तिची एक छोटी बाग होती, खासगी, कुलूप लावलेली, ती द्यायला तयार नाही. आँजेलिक प्रमुख होती, एका शब्दात बाग काढून घेऊ शकली असती, तिने घेतली नाही. कित्येक दिवस तशीच राहू दिली. मग एक दिवस त्या बाईने स्वतःच बागेची किल्ली पाठवून दिली. माझ्या लेखात ही गोष्ट नव्हती, लांबी वाढते म्हणून काढली होती, आता वाटतं ठेवायला हवी होती. १६३० मध्ये तर तिने राजाची परवानगी काढून मठाध्यक्षा दर तीन वर्षांनी निवडून द्यायची पद्धत आणली आणि स्वतः तहहयात असलेलं पद सोडलं. असलं पद कोण सोडतं?

याच मठातल्या बायकांनी पुढे काय केलं तेही तुमच्या वाक्यात बसत नाही. १६६१ पासून त्यांच्यावर एका कागदावर सही करायची सक्ती झाली, जान्सेन या धर्मपंडित बिशपच्या पुस्तकात पाच चुकीची मतं आहेत असं शपथेवर मान्य करायचं. राजाला हवं, बिशपांना हवं, पोपलाही हवं. यांचं म्हणणं, पुस्तकात ती मतं आहेत की नाही हे आम्ही वाचलेलं नाही, मग शपथ कशी घ्यायची? ब्लेझ पास्कालची बहीण झाकलीन तिथेच सिस्टर होती, तिने लिहिलं की बिशपांकडे बायकांएवढंच धैर्य उरलं असेल तर बायकांनी बिशपांचं धैर्य दाखवावं. ऑगस्ट १६६४ मध्ये पॅरिसचे आर्चबिशप पेरेफिक्स स्वतः आले (तोवर मठाचं एक घर पॅरिस शहरातही होतं, तिथे), देवदूतांसारख्या पवित्र आणि लुसिफरसारख्या गर्विष्ठ असं त्यांना म्हणाले, आणि बारा जणींना शिपायांच्या पहाऱ्यात उचलून वेगवेगळ्या मठांत टाकलं. पुढच्या वर्षी न वाकलेल्या सगळ्या खोऱ्यातल्या जुन्या मठात पहाऱ्यात ठेवल्या, १६६९ पर्यंत ख्रिस्तप्रसादसुद्धा मिळू दिला नाही. मरतानासुद्धा नाही. दाराआड वाढलेल्या, आज्ञा पाळायला शिकलेल्या बायका या. त्यांना ‘नाही’ म्हणायचं बळ कुठून आलं? मला वाटतं त्याच शिस्तीतून आलं, कारण रोज पहाटे उठून, न बोलता, स्वतःच्या मनाशी हिशोब करायची सवय लागली की समोर आर्चबिशप उभा असला तरी खोटी सही करताना हात थांबतो. तुम्हाला हे पटायलाच हवं असं नाही, पण विचार तरी करा.

आता आत्या. तुम्ही काढलीत म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते.

आम्ही वसईचे. आत्या १९६१ मध्ये सिस्टर व्हायला गेली, आजोबांचा विरोध होता, कुणी टाकली नव्हती. आजी सांगायची, पहिल्या वर्षी भेटायला गेले तर सुकेळ्यांचा डबा नेला, घरच्या केळ्यांची, उन्हात वाळवलेली, आत्याला फार आवडायची. आत्याने डबा दोन्ही हातांनी घेतला, झाकणसुद्धा उघडलं नाही, आणि शेजारी उभ्या सिस्टरच्या हातात दिला, स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी ठेवायला. आजी परत येताना ट्रेनमध्ये रडली. आणि १९६३ मध्ये आजोबा गेले तेव्हा आत्याला मातीला येऊ दिलं नाही. कोणत्या कॉन्व्हेंटने, कोणत्या मदरने, ते मी इथे लिहिणार नाही, पण आमच्या घरात ते कुणी विसरलेलं नाही. म्हणजे कडक शिस्त म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलेलं नाहीये. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६५ मध्ये मठांचे नियम नव्याने बघायला सांगितलं, मग हळूहळू सगळं सैल झालं, आत्या सणाला घरी यायला लागली, साडी नेसायला लागली. मी तिला कॉलेजात असताना एकदा विचारलं होतं, चिडूनच, की तुझ्या बापाच्या मातीलाही सोडलं नाही तर तू तिथे राहिलीस कशी. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘ते त्यांचं चुकलं, मी त्यांना तसं तोंडावर सांगितलंय. पण तू माझी कीव करायला आली असशील तर ऊठ, ते मला नाही चालत.’ आणि परत भाजी निवडायला लागली.

‘असंच घडवलं असणार’ हे वाक्य तुम्ही तिच्यासमोर बोलून बघायला हवं होतं. ती आता नाही.

बाकी मुद्दे. हुंडा सगळीकडे होता, पण आँजेलिक मोब्यूसाँच्या मठात सुधारणा करायला गेली तेव्हा तिने बिनहुंड्याच्या मुली घेतल्या आणि १६२३ मध्ये त्यातल्या तिसेक जणी पोर्ट-रॉयालला सोबत आणल्या, गरीब मठात, तेव्हा हा मुद्दा निदान तिच्यावर तरी टाकू नका. राबणाऱ्या सिस्टर्स हा वेगळा विषय आहे, एका लेखात सगळं येत नाही. मुलींच्या नियमांचं म्हणाल तर ते झाकलीन पास्कालने लिहिले, आँजेलिकने नाही, हो, कडक आहेत, मोठ्या मुलींना पहाटे चारला उठवायचं, मौन पाळायचं, एकमेकींना हात लावायचा नाही. मला वाचताना ते जड गेलं हे सांगते. पण त्या काळातल्या कुठल्या शाळेत मुलांचे लाड चालले होते? आणि सांता मोनिका, १६०६ मध्ये आर्चबिशप मेनेझिस यांनी जुन्या गोव्यात काढलेला मठ, त्यावर लिहायचंय, मी दोनदा जाऊन आलेय, पण ते मी माझ्या वेळेने लिहीन, कुणी टोमणा मारला म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारलीच नाहीत, ती मीच सांगते. २९ ऑक्टोबर १७०९ ला, त्या बंद दाराच्या शंभर वर्षं आणि महिनाभराने, राजाचे पोलीस त्याच मठात शिरले. आत बावीस जणी उरल्या होत्या, बहुतेक म्हाताऱ्या, नव्या मुली घ्यायला तीस वर्षांपासून बंदी होती. एकेकीला गाडीत बसवून वेगवेगळ्या गावी पाठवलं, मग इमारत पाडली, मग कबरी उकरल्या. जेलर शोधायचेच असतील तर मी तिथून सुरुवात केली असती.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, आत्याबद्दलचं वाक्यही तसंच ठेवलंय. १६१५ ची दुरुस्ती लेखात तारखेसह टाकलीय. पुढच्या वेळी नाव लिहा.