जुन्या चिरेबंदी घराला सिमेंट लावण्याआधी

देवगड तालुक्यातील आमचे घर आजोबांनी 1938 साली बांधले. भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि त्यांचे सांधे चुन्यात भरलेले. वर फणसाचे वासे आणि मंगलोरी कौले. गेली दोन वर्षे आम्ही भावंडे त्याची डागडुजी करून घेत आहोत. या कामातून माझे एक मत अगदी पक्के झाले आहे, ते म्हणजे चुन्यात बांधलेल्या जुन्या चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. हे मत आम्हाला आमच्याच चुकीने शिकवले आहे, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

2012 साली ओटीच्या आणि माजघराच्या भिंतींचा चुना ठिकठिकाणी सुटला होता. तेवढ्या जागा दुरुस्त करण्याऐवजी आम्ही सगळा गिलावा खरवडून सिमेंटचा केला आणि त्याच झपाट्यात सारवणाची जमीन काढून फरशी बसवली. काम घेणाऱ्याने सांगितले की, आता पन्नास वर्षे बघायला नको. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या खालच्या बाजूला ओलीचा पट्टा दिसू लागला. तो दरवर्षी वर चढत गेला आणि पाचव्या वर्षी खिडकीच्या चौकटीला टेकला. रंगाचे पोपडे निघत, त्यांच्यामागे पांढरा, कापसासारखा लोणा फुललेला असे आणि बोटाने भिंतीवर टिचकी मारली की बद्द आवाज येई. अखेर एके दिवशी ओटीवरचा परातीएवढा तुकडा खाली आला. तो उलटा करून पाहिला, तेव्हा त्याच्या पाठीला चिऱ्याचा बोटभर जाडीचा थर चिकटलेला होता. गिलावा एकटा पडला नव्हता. आजोबांच्या भिंतीचा दर्शनी भाग सोबत घेऊन पडला होता.

असे का होते, हे समजून घेतले तेव्हा फार हळहळ वाटली. जांभा सच्छिद्र असतो आणि जोत्यातून जमिनीची ओल थोडीफार शोषतच असतो. कोकणात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे ही ओल पूर्णपणे थांबवणे जुन्या घरात जवळपास अशक्य आहे. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडते आणि पाऊस ओसरला की भिंत आपोआप सुकते. सिमेंटचा थर ही वाट बंद करतो आणि फरशी जमिनीतून वर येणारा दमटपणा भिंतीकडे लोटते. मग ओल वरवर चढते, पाण्यातील क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन साचतात आणि मऊ चिरा आतून फोडून काढतात. दगडापेक्षा गिलावा कठीण असला, तर झीज दगडाचीच होते.

या वेळी आम्ही गावातल्या एका वयस्क गवंड्याला बोलावले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाय, आधी भितीक वारो लागांदे, मगे चुनो." त्याप्रमाणे सगळे सिमेंट छिन्नीने, चिऱ्याला धक्का न लावता काढले आणि भिंत दिवाळीपासून मार्चपर्यंत उघडी ठेवली. कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर तो कसा खदखदतो, हे मी प्रथमच जवळून पाहिले. टाकीशेजारी उभे राहवत नव्हते. तो चुना काही आठवडे पाण्याखाली मुरवला, गाळला, एकास तीन या प्रमाणात वाळूत मळला आणि त्यात गुळाचे व हिरड्याचे पाणी घातले. गिलावा केल्यावर उन्हाने तडकू नये म्हणून त्यावर ओले गोणपाट टांगले. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हा चुना सावकाश पुन्हा चुनखडी होतो आणि बारीक भेगा काही प्रमाणात स्वतःच भरून काढतो.

यात वेळ जातो, पैसाही जास्त लागतो आणि चुन्याचे काम जाणणारे हात आता मोजकेच उरले आहेत, हे मी नाकारत नाही. माझा विरोध नव्या वस्तूंना तर मुळीच नाही. आमच्या छपरावरची मंगलोरी कौले एके काळी नवीच होती. बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना 1865 साली काढला आणि कोकणातल्या नळ्यांच्या, म्हणजे अर्धगोल देशी कौलांच्या, छपरांची जागा हळूहळू या कारखान्याच्या मालाने घेतली. ती जुन्या घरांना मानवली, कारण त्यांच्या फटींतून वारा खेळत राहिला आणि फुटलेले एकच कौल बदलता आले. म्हणून कौले उतरवून स्लॅब टाकण्याचा सल्लाही आम्ही मानला नाही. मोडलेली कौले आणि वाळवी लागलेले चार वासे बदलून नीट शाकारणी केली, एवढे पुरेसे झाले.

जून लागण्यापूर्वी ओटीचे काम झाले आणि पावसाळाही पार पडला. खालचे दोन थर भर पावसात काळसर पडले, तेव्हा धास्ती वाटली होती. पण दसऱ्याला हात लावून पाहिले, तर भिंत कोरडी होती. माजघराची फरशी अजून काढायची आहे. त्या जागी पुन्हा मातीची जमीन चोपून सारवायची की चुन्याचा कोबा करायचा, यावर आमचे घरात एकमत झालेले नाही.