मावशीच्या हौदातले गप्पी
बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या माझ्या मावशीनं परवा परसातल्या हौदातले, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे चाळणीनं गाळून उकिरड्यावर टाकले. आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीनं, आणून सोडलेले. कारण काय, तर फोनवर आलेला मेसेज: गप्पींमुळे पाण्यात रोग पसरतात, मासे-फवारणी हे प्रयोगशाळेतले खेळ, मलेरिया तर उरलेलाच नाही, डास नको असतील तर हौदात वाटीभर रॉकेल ओता.

आधी रॉकेलचं बघू. मावशीच्या म्हशी त्या हौदावर पितात, भांडी तिथंच घासली जातात. तवंगानं अळ्या गुदमरतात हे खरं, पण ते गटारीच्या पाण्यात. वापरायच्या पाण्यात रॉकेल? लेकरानं घोटभर प्यायलं आणि ठसका लागून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. हे बिनदिक्कत पुढं पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग आला आहे.

मासे म्हणे प्रयोगशाळेतले. अहो, आपल्या कर्नाटकातल्याच खेड्यांत शास्त्रज्ञांनी विहिरींत गप्पी सोडून अभ्यास केला, २००५ मध्ये तो छापून आला. मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसिस जातीचा डास तिथं विहिरींत वाढत होता, म्हणून मासे विहिरींत. हौदात वाकून बघा. क्युलेक्स या दुसऱ्या डासाची अळी डोकं खाली करून लोंबकळते, अ‍ॅनोफिलीसची पाण्यालगत आडवी पडून असते. गप्पी वरच्या थरातच फिरतो, तिला सहज टिपतो. ती राहिली तर आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते.

एक मान्य करतो. गप्पी परदेशी मासा आहे, ओढ्यात किंवा मलप्रभा नदीत सोडू नये, देशी माशांना त्रास होतो. भातखाचरांत नुसत्या माशांनी भागतही नाही. पण हौदाचा याच्याशी काय संबंध?

आणि मलेरिया उरला नाही? १९५३ च्या सुमारास देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी रुग्ण आणि ८ लाख मृत्यू होते. घराघरांत फवारणी झाली, साठच्या दशकात रुग्ण लाखाच्या आसपास आले. मग ढिलाई झाली, डास डीडीटी या फवारणीच्या औषधाला दाद देईनात, आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला.

फवारणी घरात का, तर रक्त पिऊन डास भिंतीवर टेकतो. म्हणून फवारलेली भिंत लगेच सारवू नका.

मावशीला मी दोष देत नाही. माशांचं पत्रक कन्नडमध्ये होतं. ती कन्नड बोलते, पण वाचत नाही. मेसेज मात्र मराठीत आला. काल मी पत्रकातला मजकूर मराठीत लिहून हौदाशेजारच्या दारावर चिकटवला. आशाताई गुरुवारी पुन्हा मासे आणणार आहेत.