१९६५ नंतरची प्रत्येक फेंडर टाकाऊ आहे काय?

सावंतवाडीपासून रत्नागिरीपर्यंतच्या वादकांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरत आहे. त्याचा आशय असा: सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १९६५ साली फेंडर ही इलेक्ट्रिक गिटार बनवणारी कंपनी विकत घेतली, त्या दिवसापासून गिटार बिघडली, संस्थापक लिओ फेंडर यांची मूळ रचना मोडून तीन स्क्रूंनी बसवलेली नेक (गिटारीची लांब मान) आणि जाड रंगलेप आले, आणि म्हणून त्यानंतरचे वाद्य फुकट मिळाले तरी घेऊ नये. आपल्या किनाऱ्यावर काही घरांत बोटीवर नोकरी करणाऱ्या वडिलांनी किंवा मामांनी सत्तरच्या दशकात आणलेल्या गिटारी अजून आहेत. या मजकुरावर विसंबून लोक त्या मिळेल त्या भावाला काढून टाकू लागले आहेत, आणि हे मला अतिशय क्लेशदायक वाटते.

घसरण झालीच नाही, असे माझे म्हणणे नाही. सत्तरच्या दशकात, विशेषतः त्याच्या उत्तरार्धात, उत्पादन वाढवण्याच्या घाईत बॉडीला नेक नीट न बसलेल्या आणि अकारण जड लाकडाच्या अनेक गिटारी कारखान्याबाहेर पडल्या. परंतु ‘त्या दिवसापासून’ हे विधान टिकत नाही. जानेवारी १९६५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरला व्यवहार झाला, तेव्हा कॅलिफोर्नियातील फुलर्टनच्या कारखान्यातील कारागीर, यंत्रे आणि साठ्यातील लाकूड एका रात्रीत बदलले नव्हते. बदल टप्प्याटप्प्याने आले, आणि नव्या मालकाच्या माथी मारला जाणारा एक बदल तर त्याच्या आधीचाच आहे: रोझवुडच्या जाड, सपाट तळाच्या फिंगरबोर्डाऐवजी (नेकवरील, बोटांनी तारा दाबण्याच्या पट्टीऐवजी) पातळ थर वापरणे १९६२ मध्ये, म्हणजे स्वतः लिओ मालक असतानाच सुरू झाले. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक संगीत महोत्सवात प्रख्यात गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स यांनी वाजवलेली पांढरी स्ट्रॅटोकास्टर (फेंडरचे एक प्रसिद्ध मॉडेल) १९६८ च्या बनावटीची होती. तिला टाकाऊ म्हणण्याचे धाडस हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणी करील असे वाटत नाही.

तीन स्क्रूंचा आक्षेप अधिक गंभीर आहे, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवे. १९७१ पासून स्ट्रॅटोकास्टरची नेक चारऐवजी तीन स्क्रूंनी बसवली जाऊ लागली आणि तिच्यासोबत नेकचा कोन सूक्ष्म प्रमाणात बदलता येईल अशी सोय आली. मूळ रचना मोडली म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की फेंडर सोडल्यानंतर लिओ यांनी म्युझिक मॅन या कंपनीसाठी घडवलेल्या स्टिंगरे बास गिटारीला १९७६ मध्ये तीनच स्क्रू होते, आणि पुढे त्यांच्या जी अँड एल कंपनीच्या सुरुवातीच्या वाद्यांतही हीच पद्धत होती. ज्यांच्या नावाने ही तक्रार केली जाते, त्यांना स्वतःला ती रचना मान्य होती. दोष होता तो नेक ज्या खाचेत बसते ती सैल कापण्याचा. खाच घट्ट असेल तर तीन स्क्रू पुरतात, सैल असेल तर चौथ्यानेही फारसे साधत नाही. तेव्हा गिटार हातात घेऊन नेक हलक्या हाताने बाजूला दाबावी. ती सरकली आणि कडेच्या तारा फिंगरबोर्डाच्या काठाकडे गेल्या, तर दोष खरा आहे.

जाड रंगलेपाबद्दल कोकणात राहणाऱ्याने तरी घाईने बोलू नये. साठच्या दशकाच्या अखेरीस नायट्रोसेल्युलोज या जुन्या लॅकरच्या जागी पॉलिएस्टरचा जाड थर येऊ लागला. त्यामुळे लाकडाचा नाद दबतो, असे अनेकांचे मत आहे आणि ते त्यांच्या कानांवर सोडावे. पण हा थर अधिक कठीण असतो आणि ओलावा अधिक चांगला अडवतो. जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते त्या हवेत ही काही लहान गोष्ट नाही. वर्षानुवर्षे भिंतीला टांगलेल्या गिटारीची नेक वाकली आणि तारांना खारा गंज चढला, तर तो दोष बहुतेक वेळा आपल्या साठवणुकीचा असतो. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सुधारणारी सळई) जुळवल्यावर आणि फ्रेट (फिंगरबोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून समतल केल्यावर अशी वाद्ये पुष्कळदा सुरात येतात.

राहिला मालकीचा मुद्दा. १९८१ मध्ये सीबीएसनेच यामाहामधून बिल शुल्ट्झ आणि डॅन स्मिथ यांना आणले. त्या दोघांनी स्ट्रॅटोकास्टरला चार स्क्रू आणि लहान हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा, खुंट्यांचा माथा) परत दिला, आणि १९८२ मध्ये १९५७ व १९६२ च्या नमुन्यांच्या पुनर्निर्मित आवृत्त्या बाजारात आल्या. हे सर्व त्याच मालकाच्या काळात घडले. पुढे १९८५ मध्ये शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनी १ कोटी २५ लाख डॉलरला विकत घेतली. फुलर्टनचा कारखाना त्या व्यवहारात नसल्याने कॅलिफोर्नियातच कोरोना येथे नवा कारखाना उभारावा लागला. फिरणाऱ्या मजकुरात १९८१ नाही आणि १९८५ ही नाही.