कार्डाला काय हवंय ते कार्डावरच लिहा ना!

सकाळी साडेसातला देवगडहून काकांचा फोन. ‘रे झिला, माझो आंबो डॉलरात कधीपासून विकूक लागलंस?’

अर्धवट झोपेत साईट उघडली, तर हापूसच्या प्रत्येक पेटीखाली किमतीच्या जागी छापून आलंय: $भाव. ऐन एप्रिलात! साईट लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कवर चालते; त्याच्या ब्लेड टेम्प्लेटमधल्या कंपोनंटला, म्हणजे पानाच्या पुन्हा पुन्हा वापरायच्या तुकड्याला, भाव पाठवताना नावाआधीचा कोलन रात्री दोन वाजता राहून गेला. कोलन नसला की लारावेल $भाव ला व्हेरिएबल, म्हणजे खरी किंमत ठेवलेलं नाव, मानतच नाही, जे लिहिलंय तेच मजकूर म्हणून पुढे ढकलतं. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. दोन टिंबांपायी काकांचा आंबा अमेरिकेला गेला.

चूक माझी, मान्य. पण रात्री दोन वाजता मी तिथे काय करत होतो? आधीच्या डेव्हलपरनं करून ठेवलेली घाण उपसत होतो!

या माणसानं पेटीचं एक कार्ड, म्हणजे पेटीची माहिती दाखवणारा चौकोन, बनवलं आणि दिसेल तिथे इन्क्लूड केलं, म्हणजे ती फाइल तिथे ओढून घेतली. काहीही न पाठवता. का, तर इन्क्लूड केलेल्या टेम्प्लेटला बाहेरच्या व्ह्यूमधले, म्हणजे पानाच्या टेम्प्लेटमधले, सगळे व्हेरिएबल आपोआप मिळतात. वा! अगदी आमच्या सामाईक सातबाऱ्यासारखं. सगळ्यांचं सगळं, आणि कलम तोडायची वेळ आली की कोणाचं कुठलं ते कोणालाच ठाऊक नाही.

पहिल्या पानावर चाललं, यादीत चाललं, कारण दोन्हीकडे पेट्या एकेक करून दाखवणाऱ्या लूपमधलं नाव योगायोगानं $पेटी होतं. ऑफरच्या पानावर तेच $आयटम, की झालं, अनडिफाइन्ड व्हेरिएबल, म्हणजे ‘हे नाव मला माहीतच नाही’, आणि पान आडवं. ते तरी बरं, निदान बोंब मारतं. कार्टमध्ये काय झालं माहितेय? तिथे $भाव आधीच होता, पण तो होता अख्ख्या कार्टची बेरीज. कार्डानं निमूट तोच उचलला. पाच डझनी एका पेटीला तीन पेट्यांचा भाव! गिऱ्हाईक काकांना लुटारू म्हणालं आणि काका मला.

बरं, एरर येऊ नये म्हणून बुवानं जागोजागी दोन प्रश्नचिन्हं आणि पुढे रिकामी स्ट्रिंग ठोकलीय. म्हणजे भाव आला नाही तर कार्ड कोरं. ताप उतरेना म्हणून थर्मामीटरच फोडला.

आणि व्ह्यू कंपोजर, म्हणजे टेम्प्लेटला आपोआप माहिती पुरवणारा कोड! हंगामाचा दर सगळीकडे मिळावा म्हणून तो थेट या कार्डाला जोडलाय, आत डेटाबेसची क्वेरी. कंपोजर व्ह्यू जितक्या वेळा रेंडर होईल तितक्या वेळा चालतो. पानावर चाळीस कार्डं, चाळीस क्वेऱ्या, दर एकच. इथे रेंजसाठी मी लॅपटॉप घेऊन सड्यावर चढतो, आणि हा तिकडे तोच प्रश्न चाळीसदा विचारतोय.

अरे, आमच्याकडे पेटी भरणारा गडीसुद्धा किती डझनी, कुठे जायची, कोणाच्या नावानं, ते पेटीवर लिहितो. मगच ती गाडीत चढते. लारावेलची सातवी आवृत्ती मार्च २०२० मध्ये आली, तेव्हापासून साध्या टेम्प्लेट फाइलच्या डोक्यावर प्रॉप्समध्ये लिहिता येतं: मला पेटी हवी, भाव हवा, डझन हवेत. बाहेरचं काही आत झिरपत नाही, जे हातात द्याल तेवढंच. एक ओळ लागते. एक!

कोलन घातला, रुपये परत आले. काकांना फोन करणार इतक्यात दिसलं, ऑर्डरच्या ईमेलमध्येही तेच जुनं कार्ड इन्क्लूड केलंय. तिथे $पेटी नाही, पण दोन प्रश्नचिन्हं आहेत. म्हणजे पंधरा दिवस लोकांना कोऱ्या पावत्या जातायत.

हे काकांना तुम्हीच सांगा. मी सड्यावर चाललो.